लघुपट परदेशी महोत्सवांना कसा पाठवावा: 'कांडी'ची दीड वर्षाची वही

'कांडी' हा यंत्रमागाच्या शेडमधल्या एका कामगार बाईवरचा माझा लघुपट मी एकूण ४१ महोत्सवांना पाठवला. ३४ ठिकाणी नकार आला, दोन ठिकाणांहून उत्तरच आलं नाही आणि पाच ठिकाणी निवड झाली. पाचांपैकी तीन महोत्सव परदेशातले. मी इचलकरंजीची, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते, फिल्म स्कूलची पायरी चढलेली नाही. दीड वर्षं एका दोनशे पानी वहीत मी सगळं लिहून ठेवत गेले: कुठे पाठवला, किती पैसे भरले, काय उत्तर आलं, माझी चूक कुठे झाली. ती वही उघडून हे लिहितेय.

पहिले १६ नकार सलग आले. तेव्हा सिनेमा २७ मिनिटांचा होता. त्यानंतर महाराष्ट्रातल्या एका महोत्सवासाठी प्राथमिक निवडीचं काम करायची संधी मिळाली. आलेले लघुपट घरी बसून बघायचे, गुण द्यायचे, दोन ओळींचं टिपण लिहायचं, एवढंच काम. सहा आठवड्यांत मी १६० लघुपट बघितले. दिवसभर एडिटिंग, रात्री जेवणानंतर चार-पाच सिनेमे. मला सिनेमा आवडतो आणि मी प्रत्येकाला न्याय द्यायच्या इच्छेनेच बसत होते. तरी रात्री साडेअकराला पाचवा सिनेमा लावताना डोळे जड व्हायचेच.

ही गोष्ट आधी मनात पक्की करा. तुमचा सिनेमा आधी बघणारा माणूस परीक्षकांच्या खुर्चीत बसलेला मोठा दिग्दर्शक नसतो. तो असा एक दमलेला, पण चांगला सिनेमा सापडावा म्हणून खरोखर आसुसलेला माणूस असतो. पुढे जे सांगतेय ते सगळं त्याच्यासाठी करायचं आहे.

लांबी

त्या १६० मधले निम्म्याहून जास्त सिनेमे लांब होते. वाईट नव्हते, लांब होते. सुरुवातीला सात कंपन्यांची बोधचिन्हं, मग आभार, मग ड्रोनमधून दिसणारा सूर्योदय, मग नायक दात घासतोय. तिसरं मिनिट संपलं तरी गोष्टीला हात घातलेला नाही. ते बघताना मला माझाच सिनेमा दिसत होता. 'कांडी'च्या सुरुवातीला मी यंत्रमागांच्या शेडचे अडीच मिनिटं शॉट लावले होते. त्या शेडमध्ये वडिलांनी आयुष्य काढलं, म्हणून ते मला कापवत नव्हते.

लांबीमागे नियमही आहेत. ऑस्कर देणारी अकादमी ४० मिनिटांपर्यंतच्या सिनेमाला लघुपट म्हणते, शेवटची नामावली धरून. बर्लिनच्या लघुपट विभागाची मर्यादा ३० मिनिटं, व्हेनिसच्या ओरिझोन्ती विभागात लघुपटाला २० आणि फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत १५. पण नियमात बसणं वेगळं आणि कार्यक्रमात बसणं वेगळं. महोत्सवात पाच-सहा लघुपटांचा मिळून दीड तासाचा एक खेळ होतो. त्यात २७ मिनिटांचा सिनेमा घेतला की दुसऱ्या दोघांची जागा जाते. मग तो त्या दोघांच्या बेरजेइतका चांगला असावा लागतो.

मी पुन्हा एडिटला बसले. १४ मिनिटं ४० सेकंदांवर आले. शेडचे शॉट गेले. आता सिनेमा सुरू होतो तो थेट बाईच्या बोटांवर, ती धाग्याचं टोक शोधतेय आणि तिला ते सापडत नाहीये. वडिलांना नवा कट दाखवला तेव्हा ते म्हणाले, "शेड कुठं गेली?" मी म्हटलं, आवाजात आहे. त्यांनी मान डोलावली.

एक गोष्ट मात्र हातातून गेली होती. बहुतेक महोत्सव एकदा नाकारलेला सिनेमा नवा कट करून दिला तरी परत घेत नाहीत. कच्चा कट पाठवून मी १६ दारं स्वतःच बंद करून घेतली. म्हणून सिनेमा पूर्ण झाल्यावर निदान महिनाभर कुठेही पाठवू नका. ज्यांना तुमची भाषा येत नाही आणि तुमचं मन राखायचं नाही अशा दोन-तीन जणांना दाखवा. कुठे ते मोबाइलकडे बघतात त्याची वेळ लिहून ठेवा.

सबटायटल

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तुम्हीही घालवा. परदेशातल्या माणसासाठी तुमचा संवाद म्हणजे खालच्या त्या दोन ओळी. बाकी काही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

'कांडी'त नवरा रात्रपाळीला निघताना म्हणतो, "येतो गं." आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. पहिल्या भाषांतरात त्याचं इंग्रजी सरळ 'मी येतोय' असं झालं होतं. पडद्यावर माणूस दाराबाहेर पडतोय आणि खाली लिहिलंय की तो येतोय. हैदराबादच्या एका मैत्रिणीने सिनेमा थांबवून विचारलं, "हा परत का आला नाही?" तिथे शेवटी फक्त नवऱ्याने बायकोला मारलेली हाक ठेवली, बाकी निरोप त्याच्या चेहऱ्यावर आहेच.

दुसरं उदाहरण. भांडणानंतर सकाळी परत आलेला नवरा एवढंच विचारतो, "जेवलीस?" मराठी माणसाला कळतं की ही माफी आहे. इंग्रजीत तो नुसता चौकशीचा प्रश्न राहतो. मी तिथे 'रात्री काही खाल्लंस का?' अशा अर्थाचं वाक्य लिहिलं. त्यामुळे तो रात्रभर तिचाच विचार करत होता हे पोचलं. शब्द बदलला, अर्थ राहिला.

तंत्र थोडक्यात: एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४० अक्षरं, एक सेकंदापेक्षा कमी वेळ काहीच दाखवायचं नाही. शॉट बदलताना शक्यतो ओळही बदलावी. ज्याला मराठी अजिबात येत नाही पण इंग्रजी उत्तम येतं अशा माणसाकडून शेवटचा हात फिरवून घ्या. स्पेलिंगची चूक निवडणाऱ्याला लगेच दिसते आणि मग तो इतर चुकाही शोधायला लागतो. चित्रावर छापलेली एक प्रत ठेवा आणि सबटायटलची वेगळी फाइलही ठेवा. निवड झाल्यावर ते स्वतःच्या भाषेत सबटायटल करतात तेव्हा तीच फाइल मागतात.

नावाचाही प्रश्न आला. इंग्रजीत आधी 'नाइट शिफ्ट' ठेवलं होतं. शोधलं तर त्या नावाचे कितीतरी सिनेमे. मग 'कांडी' हेच रोमन लिपीत ठेवलं. कांडी म्हणजे धोट्यात (मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो) बसणारी सुताची बारीक नळी, हे गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत सांगून टाकलं.

गोषवारा आणि फोटो

माझा पहिला गोषवारा असा होता: 'एका कष्टकरी स्त्रीच्या संघर्षाची हृदयस्पर्शी कथा.' १६० सिनेमांपैकी निदान ५० जणांनी हेच लिहिलं होतं. हे वाचून निवडणाऱ्याच्या डोळ्यापुढे काहीच उभं राहत नाही. आत्ताचा असा आहे: 'कांड्या भरणाऱ्या बाईला रात्रीच्या उजेडात धाग्याचं टोक दिसेनासं झालंय. मालकाला कळायच्या आत तिला हे काम मुलीला शिकवायचंय, आणि उद्या मुलीचा दहावीचा पहिला पेपर आहे.' माणूस कोण, अडलंय कुठे, वेळ किती, एवढं आलं की पुरे. हाच मजकूर २५, ५० आणि १०० शब्दांत तयार ठेवा, तिन्ही लागतात.

फोटो सिनेमातून पॉज करून काढलेले नकोत. शूटिंगच्याच वेळी एखाद्या मित्राला कॅमेरा देऊन पाच-सहा नीट फोटो काढून घ्या. महोत्सवाच्या पुस्तिकेत, पोस्टरवर, वर्तमानपत्रात तेच छापतात. माझ्याकडे असा एकच फोटो होता. पाचही ठिकाणी तोच गेला.

आधी हक्क, मग अर्ज

शेडमध्ये रेडिओ चालू असतो. एका प्रसंगात मागे जुनं गाणं वाजत होतं आणि मला ते फार आवडलं होतं. पण आपल्या कायद्यात संगीतकार आणि गीतकार यांच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात, ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून त्याचे ६० वर्षं वेगळे. परवानगीची किंमत विचारली, माझ्या आवाक्यातली नव्हती. गाणं संवादात मिसळलेलं, नुसतं काढता येईना. तो अख्खा प्रसंग डब करावा लागला. गाण्याच्या जागी माझ्या आत्याने जात्यावरची ओवी म्हटली, तिच्याकडूनही लेखी परवानगी घेतली. तेव्हा शूटिंगला रेडिओ बंद करायला सांगा. जागामालक आणि कॅमेऱ्यात दिसणारे कामगार यांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. महोत्सव अर्जातच लिहून घेतात की सगळे हक्क तुमच्याकडे आहेत. खोटं लिहिलं तर जबाबदारी तुमची.

सेन्सॉरचं बरेच जण विचारतात. भारतातल्या महोत्सवात दाखवण्यासाठी प्रमाणपत्र नसलेल्या सिनेमांना सरकारकडून सूट मिळते आणि ती आयोजक घेतात. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा असेल तर मात्र प्रमाणपत्र लागतं.

कुठे पाठवायचा

आपल्या सिनेमाची भावकी शोधायची. ज्या महोत्सवाला पाठवायचं मनात आहे त्याची मागच्या तीन वर्षांची निवडीची यादी उघडा, मिळतील तेवढे सिनेमे किंवा त्यांचे ट्रेलर बघा. तिथे तुमच्या स्वभावाचे सिनेमे दिसतात का? शांत, श्रमाबद्दलचा, मोठ्या घटना नसलेला सिनेमा भयपटांच्या महोत्सवाला पाठवण्यात अर्थ नाही. हे न करता मी पहिले १६ फक्त नावाच्या मोहाने निवडले होते.

फक्त लघुपटांना वाहिलेले महोत्सव आधी बघा, तिथे लघुपट हाच मुख्य पाहुणा असतो. फ्रान्समधलं क्लेर्माँ-फेराँ हे त्यातलं सगळ्यात मोठं, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. जर्मनीतलं ओबरहाउझेन १९५४ पासून चालू आहे. घराजवळ बघायचं तर मुंबईचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे मिफ, १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठीच आहे आणि तो दर दोन वर्षांनी होतो. तिरुवनंतपुरमला केरळच्या चलचित्र अकादमीचा माहितीपट-लघुपट महोत्सव २००८ पासून होतोय. तिथला प्रेक्षक एकदा बघाच: दुपारी लघुपटांच्या खेळाला मुलं जिन्यात बसलेली असतात. पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे पिफमध्ये, विद्यार्थ्यांसाठी वेगळी स्पर्धा असते. तुम्ही फिल्म स्कूलमध्ये असाल तर कानचा 'ला सिनेफ' विभाग तुमच्यासाठी आहे. २०२४ मध्ये पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेचे चिदानंद नाईक तिथे पहिले आले, कन्नड लोककथेवरचा लघुपट घेऊन. माझ्यासारखीला तो विभाग खुला नाही, तेव्हा तिथे पैसे घालवायचे नाहीत.

कानबद्दलच आणखी एक सांगते, कारण यात बरीच फसगत होते. तिथे भरणाऱ्या सिनेमांच्या बाजारात पैसे भरून लघुपटाची नोंदणी करता येते. ती सोय उपयोगाची आहे, खरेदीदार आणि निवडकर्ते भेटतात. पण नोंदणी म्हणजे निवड नव्हे. 'कानमध्ये निवड झाली' अशी बातमी गावच्या पेपरात दिली तर जाणकार माणूस दोन मिनिटांत पडताळून बघतो आणि पुढच्या वेळी तुमच्या खऱ्या बातमीवरही विश्वास ठेवत नाही.

दर महिन्याला पुरस्कार वाटणारे 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव तर बहुतेक पैसे कमवायलाच काढलेले असतात. असा एक मलाही भेटला, तो वरच्या ४१ मध्ये धरलेला नाही. पाठवल्यावर चौथ्या दिवशी 'अभिनंदन' आलं. घरी पेढे आले, आईने देवापुढे ठेवले. आठवड्याने दुसरी मेल: ट्रॉफी हवी असेल तर १२० डॉलर. कुठल्या चित्रपटगृहात, किती वाजता दाखवणार असं विचारलं, उत्तर नाही. आईला खरं सांगायला मला दोन दिवस लागले. आता अर्जाआधी चार गोष्टी बघते: मागच्या वर्षीचं छापील वेळापत्रक आहे का, चित्रपटगृहाचं नाव आहे का, प्रेक्षकांचे फोटो आहेत का, परीक्षक कोण होते. यातलं एकही नसेल तर सोडून देते.

प्रीमियर, तारखा, पैसे

व्हेनिससारख्या ठिकाणी सिनेमा जगात पहिल्यांदा तिथेच दाखवला जावा लागतो. काहींना निदान त्यांच्या खंडात किंवा देशात पहिला खेळ हवा असतो. म्हणून वहीच्या वरच्या पानावर असे अटी घालणारे महोत्सव, त्यांची उत्तरं येईपर्यंत खालच्यांना थांबवायचं. यूट्यूबवर टाकण्याची घाई अजिबात नको, पुष्कळ ठिकाणी तेवढ्यानेच सिनेमा बाद होतो. पाठवायला व्हिमिओ या व्हिडिओच्या संकेतस्थळावर पासवर्ड लावलेली लिंक द्या. तिथे फाइल बदलली तरी लिंक तीच राहते. निकाल लागेपर्यंत पासवर्ड बदलू नका. १६० मधल्या ११ जणांच्या लिंक उघडल्याच नाहीत. मेल करून विचारलं, पण सगळ्यांनी वेळेत उत्तर दिलं नाही.

अर्ज फिल्मफ्रीवे, फेस्टहोम, शॉर्टफिल्मडेपो या संकेतस्थळांवरून जातात. तारखा टप्प्याटप्प्याने असतात आणि प्रत्येक टप्प्याला शुल्क वाढतं. पहिल्या टप्प्यात पाठवा. पैसे वाचतात, आणि सुरुवातीला बघणाऱ्याचे डोळेही ताजे असतात, हे मी आता दुसऱ्या बाजूने अनुभवलंय. सिनेमा पूर्ण झाल्याची तारीखही जपून ठरवा. डिसेंबरच्या शेवटी हात फिरवून 'पूर्ण' लिहिलात तर आठवड्याभरात सिनेमा मागच्या वर्षाचा होतो.

माझे शुल्कात एकूण ३२,००० रुपये गेले. सिनेमाला २ लाख ६० हजार लागले होते. शुल्कातले १८,००० तर पहिल्या १६ जागीच गेले. नंतर मी शुल्कमाफीसाठी लिहायला लागले. मी कोण, सिनेमा कशाबद्दल, मागच्या वर्षीच्या तुमच्या निवडीतला कुठला सिनेमा मला आवडला आणि शुल्क भरणं मला का जड आहे, एवढं पाच ओळींत. सात जणांनी माफी दिली. ज्यांनी दिली नाही त्यातल्या दोघांनीही चांगलं उत्तर लिहिलं. विचारण्यात कमीपणा मानू नका.

नकाराच्या मेलला वाद घालणारं उत्तर कधीच लिहू नका. निवडीच्या बैठकीत मी पाहिलंय, एकाच खेळात म्हाताऱ्या वडिलांवरचे दोन सिनेमे नकोत म्हणून एक सुंदर सिनेमा बाजूला पडला. त्या दिग्दर्शकाला हे कधी कळणारही नाही.

निवड झाल्यावर

मला ती मेल एका हळदीच्या व्हिडिओवर काम करताना आली. उत्तर पोर्तुगालमधला महोत्सव. लगेच स्टेटस टाकायचा मोह होतो. थांबा. त्यांनी यादी जाहीर करेपर्यंत गुप्त ठेवा, असं मेलमध्येच लिहिलेलं असतं. होकार मात्र त्याच दिवशी कळवा.

मग डीसीपी मागतात, म्हणजे चित्रपटगृहाच्या प्रोजेक्टरवर चालणारी प्रत. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यावर घरी करता येते. शूटिंग सेकंदाला २४ फ्रेमवर केलेलं असलं तर काम सोपं होतं. मी लग्नाच्या सवयीने २५ वर केलं होतं, त्यामुळे आवाज आणि सबटायटल पुन्हा जुळवताना चार रात्री गेल्या. पाठवण्याआधी एकदा तरी खऱ्या चित्रपटगृहात लावून बघा. कोल्हापूरच्या एका मालकांनी सकाळच्या खेळाआधी मला अर्धा तास दिला. हेडफोनवर छान वाटणारा मागांचा खडखडाट तिथे संवाद गिळून टाकत होता. ते कळलं म्हणून वाचले.

बहुतेक महोत्सव राहायची सोय करतात, विमानाचं तिकीट क्वचितच देतात. हे आधी स्पष्ट विचारा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा) पासपोर्टवरच्याच नावाने निमंत्रणपत्र मागवा, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा घ्या, बँकेचे कागद जमवा. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो, तेव्हा निवडीच्या मेलनंतर पहिलं काम तेच. घरून काम करणाऱ्या माझ्यासारखीने आयकर विवरणपत्रं आणि गिऱ्हाइकांची बिलं जोडावीत, परत यायचं कारण त्यातूनच दिसतं.

खेळानंतर दिग्दर्शकाशी गप्पा असतात. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, दुभाषी असतो. मी तीन उत्तरं पाठ करून गेले होते, तिन्ही प्रश्न कुणी विचारले नाहीत. त्या भागात कापडगिरण्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. पुढच्या रांगेतली एक आजी उठली, हाताने धोटा फेकल्याची खूण केली आणि तिच्या भाषेत म्हणाली, 'लान्सादैरा', म्हणजे धोटा. ती गिरणीत होती. तिने विचारलं, त्या बाईला मजुरी किती? सिनेमात बाई आकडा सांगते, खाली सबटायटलमध्ये रुपयेही लिहिलेले होते. पण आजीला त्या रुपयांत काय येतं ते कळलं नव्हतं. मी म्हटलं, दिवसभराच्या मजुरीत दोन लिटर दूध आणि भाजी. दुभाष्याने सांगितलं तेव्हा सभागृहात कुणी काही बोललं नाही.

त्या रात्री हॉटेलात बसून मी ती ओळ बदलली. पुढच्या चार ठिकाणी सिनेमा त्या बदललेल्या ओळीसह गेला.